धातू टाळावा की मोजावा : कृत्रिम खुबा आणि किरणोपचाराचे नियोजन

मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि तो ज्या खोबणीत फिरतो ती कटीराची वाटी, या दोहोंच्या जागी कृत्रिम भाग बसविण्याच्या शस्त्रक्रियेला इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास भरवशाचे रूप दिले. धातूचा दांडा, त्यावरचा गुळगुळीत गोळा, पॉलिथिलीनची वाटी आणि हे सारे हाडात पक्के करणारे ॲक्रिलिक सिमेंट ही त्यांची मूळ कल्पना अनेक फेरफारांसह आजही टिकून आहे. खुब्याचा ‘बॉल’ बदललेली माणसे आता ओळखीच्या प्रत्येक वर्तुळात आढळतात, आणि त्यांच्यापैकी काहींना पुढे प्रोस्टेटचा, मूत्राशयाचा, गुदाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊन किरणोपचाराची गरज पडते. हे सगळे अवयव दोन खुब्यांच्या मधल्या पोकळीत असल्यामुळे बाहेरून सोडलेल्या किरणांना आत शिरण्याच्या ज्या सोयीच्या वाटा, म्हणजे शरीराची डावी आणि उजवी बाजू, त्याच नेमक्या धातूने अडलेल्या असतात.

‘अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन’ या संघटनेच्या ६३ व्या कार्यगटाने २००३ साली या प्रश्नावर अहवाल प्रसिद्ध केला. उपचारावर परिणाम करू शकतील असे कृत्रिम भाग किरणोपचार घेणाऱ्यांपैकी १ ते ४ टक्के रुग्णांच्या शरीरात असावेत, असा अंदाज त्यात होता, आणि जमेल तेथे किरणांची शलाका धातूतून नेऊ नये, असा सल्लाही होता. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत चित्रे घेण्याची आणि मात्रा मोजण्याची साधने पुष्कळ सुधारली, त्यामुळे तो सल्ला आजही तसाच पाळावा की धातूचा हिशेब करून त्यातूनच शलाका न्यावी, याबद्दल जाणकारांत एकमत राहिलेले नाही. पुढील संवादातील दोघे कल्पित आहेत. एक वैद्यकीय भौतिकशास्त्राच्या तज्ज्ञ, ज्यांच्या सहीने मात्रेचा आकडा पक्का होतो, आणि दुसरे किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टर, ज्यांच्यासमोर तो रुग्ण पुढची पाच-दहा वर्षे तपासणीला येऊन बसणार असतो. दोघांची मते भिन्न असण्याचे मूळ बऱ्याच अंशी या दोन जबाबदाऱ्यांत आहे.

विषयाला तोंड भौतिकतज्ज्ञ फोडतात. “डॉक्टर, उजव्या खुब्यात कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा असलेल्या या रुग्णाच्या प्रोस्टेटसाठी आपण पूर्ण वर्तुळात फिरणारी शलाका मागितली आहे, म्हणजे यंत्राचे तोंड रुग्णाभोवती फिरत असतानाच शलाकेचा आकार आणि जोर बदलत राहील आणि त्या फेरीचा काही भाग धातूच्या पलीकडून मारा करील. ६ मेगाव्होल्टची शलाका पाण्यातून किंवा मऊ ऊतींतून जाताना दर सेंटिमीटरला साधारण ४ ते ५ टक्क्यांनी क्षीण होते. या ऊर्जेच्या किरणांची गाठ मुख्यतः इलेक्ट्रॉनांशी पडते, म्हणून हा क्षय इलेक्ट्रॉन घनतेवर, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन दाटलेले आहेत यावर ठरतो. पाण्याची इलेक्ट्रॉन घनता १ धरली तर टायटॅनियमच्या मिश्रधातूची सुमारे ३.७, स्टेनलेस स्टीलची सुमारे ६.७ आणि कोबाल्ट-क्रोमियमची ६.८ च्या आसपास येते. तीन सेंटिमीटरचा भरीव गोळा शलाकेला वीस सेंटिमीटर पाण्याइतका भासतो. त्याच्या सावलीत पोहोचणारी मात्रा ढोबळ हिशेबाने अपेक्षेच्या निम्म्याहूनही थोडी कमी राहते. हिशेबात इथे छोटी चूक झाली तरी तिचे परिणाम छोटे राहत नाहीत.”

“क्षय किती होतो हे जर इतके स्पष्टपणे सांगता येते,” डॉक्टरांचे उत्तर असे की, “तर ते आराखड्यात धरताही येते, मॅडम. संगणकाला धातू कोठे आहे आणि कोणता आहे हे कळले की त्या दिशेने कमी पडणारी मात्रा तो इतर दिशांनी भरून काढतो. धातू टाळण्याला मात्र एक किंमत आहे आणि ती मात्रेच्या तक्त्यात नव्हे, तर रुग्णाच्या शौचाच्या तक्रारींत दिसते. प्रोस्टेटच्या मागे काही मिलिमीटरवर गुदाशयाची पुढची भिंत असते आणि वर मूत्राशय. बाजूंनी येणाऱ्या शलाका या दोन्ही अवयवांना पुष्कळसे वाचवून प्रोस्टेटला गाठतात. पुढून आणि मागून येणाऱ्या शलाकांना त्यांच्यातून जावेच लागते. रोज २ ग्रे याप्रमाणे ७८ ग्रेपर्यंत जाणाऱ्या उपचारात गुदाशयाच्या २० टक्क्यांहून अधिक भागाला ७० ग्रे मिळू नयेत, अशी मर्यादा २०१० च्या क्वांटेक या आढाव्याने सुचविली आहे. बाजूच्या वाटा बंद केल्या तर ती पाळणे अवघड होते आणि उपचार संपून वर्ष-दोन वर्षे झाल्यावर रक्त पडू लागलेल्या माणसाला, तुमच्या खुब्यात धातू होता म्हणून असे झाले, हे सांगावे लागते.”

या आक्षेपात तथ्य आहे, परंतु एकाच बाजूला कृत्रिम खुबा असलेल्या रुग्णाला तो फारसा लागू होत नाही, हे भौतिकतज्ज्ञांचे प्रत्युत्तर अधिक बळकट आहे. त्यांच्या मते टाळायचे असते ते शलाकेचे धातूतून आत शिरणे. डावीकडून शिरून प्रोस्टेटला मात्रा देऊन झाल्यावर तीच शलाका उजव्या खुब्याच्या धातूतून बाहेर पडली, तर प्रोस्टेटच्या मात्रेत त्यामुळे दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, कारण क्षय जो व्हायचा तो लक्ष्याच्या पलीकडे होतो. म्हणून उजव्या खुब्यासमोर यंत्राचे तोंड आले की टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांची झडप त्या सावलीपुरती मिटवावी आणि डावी बाजू पूर्ण वापरावी. अशा आराखड्यात गुदाशयाची मात्रा पूर्ण वर्तुळाच्या आराखड्याच्या अगदी जवळ राहू शकते. दोन्ही आराखडे शेजारी मांडून पाहण्यास डॉक्टर तयार होतात आणि एका खुब्याच्या रुग्णापुरता हा मुद्दा येथेच मिटतो. जेथे टाळण्याची किंमत जवळजवळ शून्य आहे, तेथे केवळ संगणक सांभाळून घेईल म्हणून धातूतून शलाका नेण्याला कोणतेही समर्थन उरत नाही.

तथापि डॉक्टर येथे न थांबता वादाची बाजूच पालटतात, आणि या सर्व संवादातील त्यांचा सर्वांत मोलाचा मुद्दा हाच आहे. “धातू टाळला म्हणजे धातूचा प्रश्न सुटला, असे समजणे धोक्याचे आहे. ज्या सीटी चित्रावर आराखडा बेतायचा, ते चित्रच धातूने आधी बिघडवलेले असते. त्यातून शलाका न्या अथवा नेऊ नका, प्रोस्टेटची कडा कोठे संपते आणि गुदाशयाची कोठे सुरू होते हेच दिसत नसेल, तर शलाका अचूकपणे चुकीच्या जागी पोहोचेल. आणि मात्रेची चूक आकड्यात पकडता येते. कडेची चूक ज्याच्या त्याच्या नजरेत दडून राहते.”

चित्र का बिघडते हे समजण्यासाठी दोन प्रकारच्या किरणांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. उपचाराची शलाका मेगाव्होल्टची असते, तर सीटी यंत्राचे क्ष-किरण साधारण १२० किलोव्होल्टचे, म्हणजे कितीतरी कमी ऊर्जेचे असतात. या कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम महत्त्वाचा ठरतो. त्यात अणू क्ष-किरणाला संपूर्ण गिळतो आणि गिळण्याची ही शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते. पाण्यातील ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, टायटॅनियमचा २२ आणि कोबाल्टचा २७ आहे, यावरून उपचाराच्या शलाकेला जे केवळ जाड वाटते ते सीटीच्या किरणांना जवळजवळ अपारदर्शक का असते, याची कल्पना येते. खुब्यातून आरपार जाऊन शोधकापर्यंत पोहोचणारे किरण इतके तुरळक उरतात की त्यांच्यावरून चित्र रचणारे गणित कोलमडते. जे पोहोचतात त्यांतील कमी ऊर्जेचे वाटेतच गाळले गेल्याने उरलेली शलाका सरासरीने अधिक कडक झालेली असते आणि तिच्यामुळे गणिताला पलीकडची ऊती प्रत्यक्षापेक्षा विरळ भासते. परिणामी धातूभोवती काळ्या-पांढऱ्या रेषांचा फवारा दिसतो, आणि दोन्ही खुबे धातूचे असतील तर त्यांना जोडणारा एक गडद पट्टा नेमका प्रोस्टेटवरून किंवा गर्भाशयमुखावरून आडवा जातो.

याशिवाय आकड्यांची मर्यादा आहे. सीटीतील प्रत्येक बिंदूला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापनात एक अंक दिलेला असतो; पाणी ०, हवा उणे १,०००, दाट हाड १,००० च्या वर. सीटी यंत्राच्या विकासासाठी हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हाच्या गरजांना पुरेल अशा बेताने रूढ झालेली अंकांची पट्टी बहुतेक यंत्रांवर ४,०९६ पायऱ्यांची, म्हणजे उणे १,०२४ ते ३,०७१ एवढी असते. टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोमियम हे दोन्ही या पट्टीच्या बाहेर असल्यामुळे दोघांनाही एकच अंतिम आकडा, ३,०७१, मिळतो आणि त्या आकड्यावरून घनता काढणारी आराखड्याची संगणकप्रणाली धातूला दाट हाडाच्या थोडे पलीकडचे काहीतरी समजून बसते. पट्टी विस्तारून घेण्याची सोय आज पुष्कळ यंत्रांत असली, तरी धातूच्या आतले आकडे त्या विस्तारित पट्टीवरही स्थिर नसतात.

“म्हणूनच धातू टाळावा, असेच यातून निघते ना?” भौतिकतज्ज्ञ विचारतात.

“म्हणूनच धातू ओळखावा, असे निघते,” डॉक्टर म्हणतात. “तो टाळायचा असेल तरी कोठून कोठपर्यंत टाळायचा हे ठरविण्यासाठी त्याची खरी कडा लागते, आणि चित्रात तो फुगलेला दिसतो.”

या ठिकाणी दोघांचे काम एकच होते आणि ते कोणत्याही पक्षाला टाळता येत नाही. चित्राची दृश्यपट्टी खूप रुंद करून धातूची कडा आखावी लागते, म्हणजे फुगवटा ओसरून खऱ्या आकाराजवळ जाता येते. धातूच्या आतील भागाला सीटीचा अंक न मानता ज्ञात मिश्रधातूची घनता हाताने द्यावी लागते. काळ्या-पांढऱ्या रेषांनी व्यापलेली ऊती आखून तिला मऊ ऊतीची घनता द्यावी लागते, मात्र हे करताना खरे हाड किंवा गुदाशयातील खरी हवा त्या रेघोट्यांत पुसली जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे लागते. धातूचे दोष कमी करणाऱ्या सीटीच्या नव्या प्रणाली यात मोठी मदत करतात, परंतु त्या मापलेल्या माहितीतील पोकळ जागा अंदाजाने भरत असल्याने धातूलगतची हाडाची पातळ कड त्या कधी पुसून टाकतात, कधी नसलेली सावली निर्माण करतात. सुधारलेले आणि मूळ अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच अवयव आखावेत, ही भौतिकतज्ज्ञांची अट म्हणूनच योग्य आहे. ज्यांच्याकडे टोमोथेरपीसारखे यंत्र आहे, त्यांना साधारण ३.५ मेगाव्होल्टच्या किरणांनी घेतलेले, धातूने फारसे न बिघडलेले चित्र मिळू शकते, पण त्यात मऊ ऊतींमधला फरक फिका दिसतो.

डॉक्टर एमआरआयचा आग्रह धरतात तोही सकारण आहे. आधुनिक कृत्रिम खुब्यांचे बहुतेक धातू चुंबकाने ओढले जाण्याजोगे नसतात, तथापि आपल्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र ते विस्कटतात. टायटॅनियम कमी, कोबाल्ट-क्रोमियम अधिक. हा बिघाड धातूपासून दूर गेल्यावर झपाट्याने कमी होतो, आणि प्रोस्टेट खुब्यापासून काही सेंटिमीटर आत असल्याने १.५ टेस्लाच्या यंत्रावर योग्य रीतीने घेतलेल्या चित्रात त्याची कडा बहुधा सीटीहून कितीतरी स्पष्ट दिसते.

हे सारे ज्या एका माहितीवर उभे आहे ती माहिती किरणोपचार विभागात निर्माणच होत नाही. खुब्यात नेमका कोणता धातू आहे, दांडा टायटॅनियमचा आणि गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा आहे की गोळा सिरॅमिकचा आहे, हे सीटीवरून खात्रीने सांगता येत नाही. ते लिहिलेले असते शस्त्रक्रियेच्या वेळी वेष्टनावरून काढून केसपेपरवर चिकटविलेल्या छोट्या लेबलांवर, ज्यांवर कंपनी, प्रकार, माप आणि क्रमांक छापलेला असतो. ही कागदपत्रे दहा-पंधरा वर्षांनी रुग्णाच्या घरी एखाद्या फाइलमध्ये सापडतात किंवा सापडत नाहीत. टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोमियम यांच्या इलेक्ट्रॉन घनतेत जवळजवळ दुपटीचा फरक असताना, किरणोपचाराचा इतका मोठा खटाटोप एका जपून न ठेवलेल्या लेबलासाठी अडावा, ही खेदाची गोष्ट आहे. सांधा बदलल्यावर प्रत्येक रुग्णाला त्याची स्वतंत्र नोंद हातात देणे आणि ती आयुष्यभर सांभाळायला सांगणे हे अस्थिशल्यविशारदांच्या दृष्टीने किरकोळ, पण पुढच्या उपचारांच्या दृष्टीने अमोल काम आहे. लेबल नसेल तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाकडे विचारणा करावी, आणि तरीही उत्तर न मिळाल्यास धातूतून शलाका नेऊच नये, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.

यापुढे वाद गणनपद्धतीकडे वळतो. भौतिकतज्ज्ञांचे म्हणणे असे की, संगणक धातू समजून घेतो हे विधान कोणत्या संगणकाविषयी केले आहे ते आधी सांगायला हवे. जुन्या पद्धती शलाकेच्या वाटेची केवळ लांबी घनतेनुसार ताणून घेत. त्यानंतरच्या, आजही पुष्कळ ठिकाणी रोज वापरात असलेल्या पद्धती पाण्यात ऊर्जा कशी विखुरते याचा नमुना घेऊन तो घनतेनुसार आखडतात किंवा पसरतात, त्यामुळे त्यांच्या लेखी कोबाल्ट-क्रोमियम म्हणजे फार दाट पाणी. लक्ष्यापर्यंत किती किरण पोहोचतात याचे उत्तर त्या बऱ्यापैकी देतात, परंतु धातू आणि ऊती यांच्या सीमेवर काय घडते ते त्यांना कळत नाही. तेथे धातूतून मागे उसळणारे इलेक्ट्रॉन शलाकेच्या येण्याच्या बाजूच्या काही मिलिमीटर थरात मात्रा वाढवितात, आणि तो थर म्हणजे सांधा धरून ठेवणारे हाड असते. मॉन्टे कार्लो पद्धती, जी एकेका किरणाचा प्रवास यादृच्छिक संख्यांच्या साह्याने रचून असे असंख्य प्रवास बेरजेत घेते, आणि ॲक्युरोससारखी पद्धती, जी किरणांच्या वाहतुकीचे समीकरण थेट सोडविते, या दोन्हींना पदार्थाची अणुरचना दिली की हा परिणाम दिसतो.

“तर मग त्या वापराव्यात,” डॉक्टर म्हणतात. “शिवाय ट्यूमर त्या सीमेपासून काही सेंटिमीटर दूर असतो.”

“ट्यूमर दूर असतो, हाड दूर नसते. कटीराला किरण मिळालेल्या रुग्णांत पुढे सिमेंटने बसविलेल्या वाट्या सैल होण्याचे प्रमाण जास्त आढळते, असे अस्थिशल्यविशारदांनी नोंदविलेले आहे. दुखऱ्या खुब्यातून सुटका झालेल्या माणसाला कर्करोगाच्या उपचाराने पुन्हा त्याच दुखण्याकडे नेऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे, डॉक्टर. आणि पद्धती अचूक आहे याची खात्री कशाने करावी? प्रत्येक रुग्णाचा आराखडा उपचारापूर्वी यंत्रावर चालवून पाहिला जातो तो शोधक बसविलेल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर. त्या ठोकळ्यात धातू नसतो. चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे यंत्राने सांगितलेले काम बरोबर केले एवढेच सिद्ध होते. धातूमागच्या मात्रेचा हिशेब बरोबर होता की नाही, याबद्दल ती चाचणी एक अक्षरही बोलत नाही.”

हा मुद्दा बिनतोड आहे, आणि किरणोपचारात काम करणाऱ्यांनाही त्याची पुरेशी जाणीव नेहमी असतेच असे नाही. दिलेली मात्रा ठरविलेल्या मात्रेच्या ५ टक्क्यांच्या आत असावी, ही अपेक्षा किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्येच व्यक्त केली होती; धातूतून जाणाऱ्या वाट्याचा हिशेब न तपासता ती अपेक्षा पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. डॉक्टरही हे मान्य करतात, परंतु त्यांचे उत्तर टाळण्याचे नसून मोजण्याचे आहे: निकामी म्हणून काढलेला किंवा कंपनीकडून मिळविलेला सांधा पाण्यात ठेवून त्याच्यामागची मात्रा आयनीकरण कक्षाने आणि फिल्मने मोजावी, संगणकाच्या आकड्याशी ताडावी, आणि उपचाराच्या पहिल्या दिवशी रुग्णाच्या पलीकडे बाहेर पडणारी शलाका यंत्राच्याच प्रतिमापटलावर टिपून अपेक्षेशी जुळते का ते पाहावे. विभागाने हे एकदा नीट केले की पुढच्या प्रत्येक रुग्णासाठी भीतीच्या जागी माहिती येते.

दोन्ही खुबे धातूचे असलेल्या रुग्णाचा प्रश्न निघताच या मोजणीची गरज खरोखर भासू लागते. दोन्ही बाजूंच्या वाटा पूर्ण बंद केल्या तर पुढून, मागून आणि तिरप्या दिशांनीच मात्रा द्यावी लागते. नुसत्या प्रोस्टेटसाठी तिरप्या दिशा बऱ्याचदा पुरतात. लसिकाग्रंथीही लक्ष्यात घ्यायच्या असतील तर मात्र गुदाशय, मूत्राशय आणि आतडी यांच्यावरचा भार वाढतो आणि डॉक्टरांचा सुरुवातीचा आक्षेप पूर्ण बळाने परततो. येथे भौतिकतज्ज्ञ आपली भूमिका सैल करतात. दांड्याच्या जाडीतून, विशेषतः तो टायटॅनियमचा असेल तर, थोडी मात्रा नेण्यास त्यांची हरकत नाही. दीड सेंटिमीटर टायटॅनियममागे ढोबळ हिशेबाने सहाव्या हिश्श्याएवढी तूट पडते आणि चांगली गणनपद्धती ती सांभाळू शकते. गोळ्यातून मात्र नको. शिवाय प्रोस्टेटला मिळणाऱ्या एकूण मात्रेपैकी धातूतून आलेला वाटा किती असावा याची वरची मर्यादा विभागाने आधीच लिहून ठेवावी, म्हणजे हिशेब चुकला तरी एकूण मात्रेतील चूक तेवढ्याच प्रमाणात मर्यादित राहील. समजा हा वाटा दहावा भाग असेल आणि त्याच्या हिशेबात २० टक्क्यांची चूक निघाली, तर लक्ष्याच्या मात्रेत २ टक्क्यांचाच फरक पडतो.

हे गणित डॉक्टरांना पटते, पण सर्व रुग्णांसाठी एकच मर्यादा ठरविणे त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते ज्या धातूची नोंद हातात आहे आणि ज्याच्यामागची मात्रा विभागाने मोजलेली आहे, त्याला एक मर्यादा असावी आणि नोंद नसलेल्याला दुसरी, म्हणजे शून्य. शिवाय रोजच्या बसविण्यातली चूक या हिशेबात आलेलीच नाही. रुग्णाचा पाय घोट्यापाशी थोडा आत-बाहेर वळला की दांडा आणि त्याची सावलीही वळते. म्हणून गुडघ्याखाली आधार आणि पावलांना पकड देऊन पाय रोज एकाच कोनात ठेवावे लागतात. प्रोस्टेटमध्ये सोन्याचे बारीक दाणे खूण म्हणून बसविलेले असले, तरी बरोबर आडव्या दिशेने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात ते खुब्यामागे लपतात, त्यामुळे दोन तिरप्या कोनांची चित्रे घ्यावी लागतात. हे काम डॉक्टरांचे नव्हे, भौतिकतज्ज्ञांचेही नव्हे, तर यंत्रावरच्या तंत्रज्ञाचे आहे, आणि आराखडा कितीही सुबक असला तरी त्याचे यश त्या तंत्रज्ञाच्या हातात असते, हे दोघेही मोकळेपणाने मान्य करतात.

प्रोटॉनचा विषय निघतो तो थोडक्यात संपतो. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात आणि ती खोली वाटेतल्या पदार्थावर अवलंबून असते. क्ष-किरणांच्या बाबतीत धातूची चूक मात्रा कमी-जास्त करते, प्रोटॉनच्या बाबतीत शलाका कोठे थांबेल तेच बदलते. दोघांच्या मते तेथे धातू टाळण्याला पर्याय नाही.

अखेरीस संवाद अशा केंद्रांकडे वळतो जेथे पूर्ण वर्तुळात फिरणारी शलाकाच नाही. भारतातील अनेक केंद्रांत आजही कोबाल्टची यंत्रे चालतात, त्यांत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉनही आहे. १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या त्यांच्या किरणांना धातूतून जाताना वर सांगितलेल्या ६ मेगाव्होल्टच्या शलाकेहूनही अधिक क्षय सोसावा लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तेथे पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अशी चार शलाकांची चौकट नेहमीची असते. दोन्ही खुबे बदललेल्या स्त्रीसाठी बाजूंच्या दोन शलाका वगळून पुढची-मागची जोडीच ठेवावी, लक्ष्याला धक्का न लागता जमेल तेवढा धातू आणि त्यालगतचे हाड आडोशाने झाकावे, आणि २५ बैठकांत ४५ किंवा ५० ग्रे झाल्यावरची मुख्य मात्रा शरीराच्या आतून, गर्भाशयात ठेवलेल्या उगमातून द्यावी, असे भौतिकतज्ज्ञ सुचवितात. आतून दिलेली मात्रा उगमापासून दूर जाताना इतकी झपाट्याने उतरते की काही सेंटिमीटरवरच्या धातूचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही.

“याला हरकत नाही, मॅडम,” डॉक्टर म्हणतात, “पण आतड्यांवरची मात्रा वाढेल तिचे काय? बाजूच्या शलाका घेऊन, त्यांच्या सावलीतली तूट मोजून, कमी वजनाने का होईना त्या ठेवता आल्या तर त्या स्त्रीचा फायदाच आहे.”

“मोजायला मोकळे यंत्र हवे, मोकळा दिवस हवा आणि तिच्या खुब्यात काय आहे ते माहीत हवे. ज्या केंद्रात रोज सकाळपासून रांग लागते तेथे या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतील, असे गृहीत धरून आराखडा करता येत नाही.”

“मग निदान लेबल तरी मागवू. आतड्यांचा प्रश्न त्याचे उत्तर आल्यावर पुन्हा काढता येईल.”

त्यावर भौतिकतज्ज्ञ पहिल्या भेटीच्या अर्जात खुब्याच्या शस्त्रक्रियेचे वर्ष, रुग्णालय आणि सांध्याचा प्रकार यांसाठी तीन रिकाम्या ओळी घालण्याचे कबूल करतात, आणि उत्तर येईपर्यंत पुढची-मागची जोडी कायम ठेवतात.